जोडीचा पट आणि माझी शपथ

मी हे ज्या कागदांवर लिहिते आहे त्यांची एक बाजू छापलेली आहे, दुसरी कोरी. छापलेल्या बाजूला हिरव्या वेलीचा एक तुकडा आहे आणि वेलीवर लाल-हिरवी घरं. कागद जाड आहे, शाई फुटत नाही. असे दोन गठ्ठे माझ्या पेटीखाली बरीच वर्षं पडून आहेत. काही मी डब्यांच्या तळाला घातले, छापलेली बाजू खाली करून. रद्दीत द्यायचं मन झालं नाही. रद्दीवाला उलगडून वाचत बसेल, ही भीती अजून जात नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर बरं होतं म्हणून गुरुजी फळ्यावर सुविचार मला लिहायला सांगायचे. पण उभं राहून वाच म्हटलं की माझा गळा बंद व्हायचा. तो पुढंही तसाच राहिला. जे बोलता येत नाही ते लिहिता येतं, हे मला ह्या पटामुळं कळलं. त्याची किंमत मात्र दुसऱ्यानं मोजली.

लग्न झालं तेव्हा आमचे हे पलटणीत होते. वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर यायचे. ट्रंक घेऊन यायचे, ट्रंक घेऊन जायचे. मधल्या दिवसांत मी भाकरी वाढायची आणि ते "बास" म्हणायचे. आठ वर्षं अशीच गेली. मूल नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या आवाजानं त्यांचा उजवा कान गेला आणि ते कायमचे घरी आले. साताऱ्यात त्यांच्या एका दोस्ताचा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा. तिथं हे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागले आणि छापखान्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो. दोन माणसं, दोन खोल्या. एक जण दुसरीत असला की पहिलीतल्याला बरं वाटायचं, इतके आम्ही एकमेकांना परके होतो.

आणि मग एके दिवशी जेवताना त्यांनी मान वर न करता सांगितलं. पलटणीत असताना एका साहेबाच्या बंगल्यावर सामान बांधायला गेले होते, तिथं एक विलायती पट बघितला होता. नवरा-बायकोनं खेळायचा. सोंगटी ज्या घरात पडेल तिथं जे लिहिलं असेल ते करायचं.

"काय करायचं?" मी विचारलं.

"काय म्हंजे," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. ऐकू न येणारासुद्धा. "जोडप्यानं जे करायचं ते. आपल्याकडं लग्न हुतं आन् दोघं भिंतीकडं तोंड करून बसत्यात. तसला पट मराठीत काढला तर लय खपंल. छापखाना हायच."

मी उठून पाणी आणायला गेले. पाणी समोरच होतं.

त्यांनी वहीत घरं लिहून काढली. ती वही त्यांच्या माघारी मी वाचली आणि एकटीच हसत बसले. "पत्नीने पतीस मिठी मारावी." "पतीने पत्नीचे चुंबन घ्यावे, एक वेळ." "हुकूम न मानल्यास दोन घरे मागे." सगळी कवायतच होती. हे वाचून कुठल्या मुलीला जवळ जावंसं वाटेल? मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं माझ्या मनातलं एक घर लिहिलं. "तिची वेणी त्यानं सोडावी. घाई करू नये." कागदाची घडी घालून ती त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवली आणि दिवसभर मोरीतलंच काम काढत बसले.

संध्याकाळी त्यांनी रिकामा डबा मोरीत आणून ठेवला. सकाळी डब्याशेजारी एक कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल होती.

तशी मी छप्पन्न घरं लिहिली. रोज डब्याखाली एक-दोन. "तिला विचारावं, आज तुला कुणी काही बोललं का?" "पाठीवर बोटानं अक्षर काढावं. तिनं ओळखलं तर तो हरला. हरलेल्यानं तिला जवळ घ्यावं." "आज दिवा तिच्या मनात येईल तेव्हा विझेल." एक घर तर लिहून मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं, "चोळीची गाठ कुणी सोडायची ते दानावर ठरवा." प्रत्येक घर लिहिताना मला वाटायचं, हे दुसऱ्यांसाठी आहे, नव्या जोडप्यांसाठी. पण वाचणारे पहिले हेच होते. एके दिवशी मी चुलीपुढं बसले होते. हे मागं आले आणि त्यांनी पाठीवर बोटानं एक अक्षर काढलं. मला ते लगेच ओळखू आलं. त्या दिवशी भाकरी करपली. आमच्या लग्नाला तेव्हा नववं वर्ष होतं, आणि मी म्हणेन आमचं लग्न त्याच दिवशी लागलं.

पट पुरा झाल्यावर मी त्यांना एकच गोष्ट मागितली. "हे मी लिवलंय हे कुणाला सांगायचं न्हाई. तुमाला माझ्या गळ्याची शपथ हाय."

"अगं पण तुझंच हाय की सारं."

"शपथ हाय म्हटलं."

आमच्याकडं शपथ घातली की ती घालणाऱ्यानंच सोडायची असते. 'सुटली' एवढा एकच शब्द म्हणायचा. तो म्हणेपर्यंत समोरचा बांधलेला. बायका-मुलांचा खेळ वाटेल कुणाला, पण हे पलटणीतले. घातलेली शपथ म्हणजे हुकूम.

छापखान्याचं ट्रेडल, पायानं चालवायचं मशीन, लहान होतं, त्यावर अख्खा पट मावेना. म्हणून तो चार तुकड्यांत छापायचा आणि पुठ्ठ्यावर जोडायचा. सुट्टीच्या दिवशी दोस्त त्यांना मशीन वापरू द्यायचा. आधी हिरवी वेल आणि हिरवी घरं, ती वाळली की लाल घरं. उंबरठ्यापासून निघालेली वेल वळसे घेत माजघरापर्यंत जायची. मी खळ शिजवायची, पुठ्ठ्यावर तुकडे चिकटवायची. सांध्यावर वेल कधी तुटायची, कधी पानाला पान मिळायचं. दान टाकायला कवड्या परवडत नव्हत्या, म्हणून मी चिंचोके फोडून दगडी पायरीवर घासायची. एक बाजू काळी, एक पांढरी. सोंगट्या म्हणून त्याच्यासाठी शर्टाचं बटण आणि तिच्यासाठी बांगडीचा तुकडा, टोकं घासून बोथट केलेला. वरून खाकी कागद, त्यावर "जोडीचा पट. फक्त विवाहितांसाठी."

विकायचे हेच. उन्हाळ्यात एसटीनं महाबळेश्वरला जायचे. तिथं नवी जोडपी येतात. चपला, काठ्या आणि मध विकणाऱ्या एका दुकानदारानं पट ठेवून घेतले, पण गल्ल्याखाली. परत आले की मला त्याचं बोलणं नक्कल करून सांगायचे. "आवं, गिऱ्हाईक पाकीट हातात घेतंया, वाचतंया, आन् बायको शेजारी आली की म्हणतंया, मध द्या! तुमच्यामुळं माझा मध खपाया लागला." सांगलीत लग्नपत्रिकांच्या एका दुकानात ठेवले. तो दुकानदार पत्रिका ठरवायला आलेल्या नवरदेवाला बाजूला घेऊन हळूच दाखवायचा. रहिमतपूरच्या बाजारात एकदा घेऊन गेले तर एका म्हाताऱ्यानं काठी उगारली. तरी हळूहळू पट जात होते. एकदा छापखान्याच्या पत्त्यावर एक अंतर्देशीय पत्र आलं. खाली सही नव्हती. बाईचं अक्षर होतं. "आज कुणी काही बोललं का, ह्या घरात आमची सोंगटी पडली. लग्नाला सहा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच विचारलं गेलं. मी खूप रडले. पट काढणाऱ्याचं भलं होवो."

ह्यांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाले, "तुझं पत्र हाय. ठेव." मी ते साडीच्या घडीत ठेवलं.

माझं माहेर सांगलीपासून एसटीनं तासाभरावर. मला भाऊ नाही. एक बहीण, माझ्याहून बरीच धाकटी. आई लवकर गेली. ह्यांचेही आई-बाप नव्हते. त्यामुळं माझे वडील आणि हे, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. हे त्यांना मामा म्हणायचे. दिवाळीला आम्ही गेलो की वडील अंगणात दोन पाट मांडायचे, एक स्वतःला, एक जावयाला. मुलींच्या आधी जावयाला अभ्यंग. गुऱ्हाळ लागलं की पहिली काकवी बाटलीत भरून साताऱ्याला यायची, कुणाच्या ना कुणाच्या हाती. वडील ह्यांच्या डाव्या बाजूलाच बसायचे, चांगल्या कानाच्या. "माझं लेकरू हाय ते," असं पाहुण्यांना सांगायचे. ह्यांना ते ऐकू जायचं आणि ते उगाच जोडे पुसत बसायचे.

बहिणीला विसावं वर्ष लागलं आणि लग्न ठरलं. सासर उसाच्या रानाचं, घरंदाज, माणसं कडक. मला वाटलं, मी आठ वर्षं भिंतीकडं तोंड करून काढली, हिनं काढू नयेत. एक पट चांगला निवडून, सांध्यावर वेल नीट मिळालेला, खाकी कागदात गुंडाळून मी तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. तिला कानात सांगितलं, "सासरी गेल्यावर उघड. आन् एकटीनं उघडू नगंस."

लग्नाच्या सकाळी आत्या रुखवत मांडत होती. नवरीबरोबर जे जे द्यायचं ते पाहुण्यांपुढं मांडून दाखवायचं. आत्यानं ट्रंक उपसली. "थोरल्या भनीनं दिलेलं असं तळाला दडवून ठिवत्यात व्हय?" म्हणून तिनं पाकीट फोडलं. आत्याला अक्षर येत नव्हतं. जवळच्या बायकांतही वाचणारी नव्हती. त्यांना वेल दिसली, लाल-हिरवी घरं दिसली. किती छान पट, असं म्हणून त्यांनी तो रुखवताच्या मधोमध पसरला. एका बाजूला लाडवांची उतरंड, दुसऱ्या बाजूला साखरेचं तुळशीवृंदावन. घडीमुळं पुठ्ठा उचलत होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार लाडू ठेवले. वर बटण, बांगडीचा तुकडा, चिंचोके. मी आतल्या खोलीत बहिणीची वेणी घालत होते.

वरपक्ष रुखवत बघायला आला. आमच्याकडं प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असते आणि वरपक्षातला एखादा ती मोठ्यानं वाचतो. नवरदेवाचे चुलते मास्तर होते, आवाज खणखणीत. एकेक चिठ्ठी वाचत ते पुढं सरकत होते, बायका हसत होत्या. आतून मला ऐकू येत होतं. "ह्या करंज्या केल्या मावशीनं... हे रुमाल विणले नवरीनं..." आणि त्याच आवाजात, त्याच चालीवर, "तिची वेणी त्यानं सोडावी. घाई करू नये."

माझ्या हातातून वेणीचे पेड सुटले. बहिणीनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

बाहेर बायका आधी हसल्या. मास्तरांनी सवयीनं पुढचं घर वाचलं. आणि त्याच्या पुढचं, चोळीच्या गाठीचं, अर्ध्यावर येऊन थांबले. मी दारापर्यंत आले तेव्हा नवरदेवाची आई म्हणत होती, "हितं लगीन हाय का तमाशा? असलं वाण देऊन लेक धाडताय व्हय तुमी?"

वडिलांना वाचता येत होतं. ते वाकले, एक घर वाचलं आणि सरळ झाले. ह्यांच्याकडं वळले. रोजच्यासारखे डाव्या बाजूला नाही, समोर.

"जावईबापू, हे तुमच्या छापखान्यातलं?"

"व्हय."

"लिवलं कुणी?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. कान गेल्यापासून त्यांना ओठांवरून शब्द ओळखायची सवय झाली होती. आवाज करायचीसुद्धा गरज नव्हती. मी नुसते ओठ हलवले असते, 'सुटली', तरी त्यांना कळलं असतं. ते थांबले होते. चार-पाच श्वासांइतका वेळ. सगळं घर त्यांच्याकडं बघत होतं आणि ते माझ्या ओठांकडं.

मी मान खाली घातली.

"मीच," ते म्हणाले.

वडील म्हणाले, "उठा. माझ्या पोरीच्या लग्नात जेवाया बसू नगा. आन् परत ह्या घराची पायरी चढू नगा."

हे उठले. बाहेर जाऊन जोडे घातले. बंद बांधले नाहीत, तसेच चालत गेले. आत्यानं तोवर लाडू उचलून पट उलटा केला होता. नवरदेवाची आई हंड्याखालच्या जाळाकडं बोट दाखवत होती.

लग्न लागलं. दोष कुणाचा ते ठरलं होतं आणि तो माणूस निघून गेला होता, म्हणून वरपक्ष शांत झाला. मी पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं, की बोलले असते तर बहिणीचं लग्न मोडलं असतं. ते खरंही असेल. पण लग्न लागलं, पाठवणी झाली, सोळावा दिवस उलटला, बहीण माहेरपणाला येऊन गेली, तेव्हा मला कोण अडवत होतं?

साताऱ्याला परतले तर हे छापखान्यात उभे होते. पटाचा जुळवलेला मजकूर त्यांनी सोडायला घेतला होता. एकेक खिळा उचलून आपापल्या खान्यात टाकत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी विचारलं, "पोरगी नीट गेली?" मी हो म्हटलं. "रडली?" हो म्हटलं. पुन्हा खिळे टाकायला लागले. मला एक शब्दही त्यांनी लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. महाबळेश्वरच्या दुकानदाराचा निरोप आला, माल पाठवा म्हणून. ह्यांनी कळवलं, बंद केलं.

त्यानंतर दरवर्षी दिवाळीला हे मला सांगलीपर्यंत पोचवायला यायचे. सांगलीच्या स्टँडवर माझी पिशवी आमच्या गावच्या गाडीत चढवायचे, खिडकीपाशी येऊन म्हणायचे, "मामांची तब्येत इचार." आणि मागं सरायचे. मी म्हणायची, तुम्ही लगेच साताऱ्याची गाडी धरा. हो म्हणायचे. पण मी दिवाळी करून परत आले की ते स्टँडवर असायचे. गाडी यायच्या आधीपासून. कुठं राहिलात विचारलं तर सांगायचे, "हाय की एक वळखीचा." सांगलीत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

माहेरी वडील अंगणात पाट मांडायचे, एकच. मी प्रत्येक वेळी ठरवून जायची. अंगाला उटणं लावताना सांगेन, जेवताना सांगेन, निघताना सांगेन. आणि प्रत्येक वेळी शाळेत उभं केल्यासारखा गळा बंद व्हायचा. एकदा वडिलांनी आपण होऊन विचारलं, "त्यो बरा हाय का?" मी म्हटलं, बरा आहे. इतकी जवळ संधी आली होती, आणि मी विचारलं, चहा ठेवू का.

तिसऱ्या दिवाळीनंतर ह्यांची किडनी बिघडली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. त्यांचे पाय सुजले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "सुटली."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, हेच माझ्यानं अजून सोसवत नाही.

"सुटली व्हय? बेस झालं," ते म्हणाले. "मग आता जाऊन मीच सांगतो मामांना. म्हणतो, मामा, तुमची लेक लय हुशार हाय. जरा पायाची सूज उतरू दे."

सूज उतरली नाही.

वडील तेराव्याला आले. साताऱ्याच्या आमच्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. कोपऱ्यात फेटा मांडीवर घेऊन बसले. माणसं पांगल्यावर मी साडीच्या घडीतून ते अंतर्देशीय पत्र काढलं, डब्याखाली ठेवलेले पेन्सिलीचे कागद काढले, ह्यांनी सगळे जपून ठेवले होते, आणि त्यांच्यापुढं ठेवले. बोलता आलंच नाही. वडिलांना माझं अक्षर ओळखू येतं. त्यांनी एकेक कागद हातात घेतला, वाचला नाही, नुसतं अक्षर बघितलं. मग विचारलं, "त्यानं मीच म्हणून का सांगितलं?"

मी शपथेचं सांगितलं.

बराच वेळ ते फेट्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिले. "तवा सांगितलं असतंस तर तुलाबी हाकललं असतं मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "दोघं संगं तरी गेला असता."

निघताना त्यांनी विचारलं, दिवाळीला तुला सांगलीला सोडून तो कुठं जायचा. मी म्हटलं, माहीत नाही, म्हणायचे ओळखीचा आहे. वडील म्हणाले, तुला जिथं सोडायचा ती जागा मला दाव. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. सांगलीच्या स्टँडवर उसाच्या रसवाल्याला विचारलं, असे असे, एका कानानं ऐकू न येणारे, पलटणीतले जोडे घालणारे. रसवाला लगेच म्हणाला, "दिवाळीतलं पावणं व्हय? हे काय, हितंच की. दोन-तीन दिस हितंच बसायचं, हितंच झोपायचं. औंदा जरा थकल्यालं दिसलं."

ते भिंतीजवळचं लाकडी बाकडं होतं. वडील बसले. अंग चोरून उजव्या बाजूला सरकले आणि डावीकडं हात टेकला, कुणासाठी जागा धरावी तसा. मग लक्षात आलं असावं की आपण जावयाच्या वाईट कानाच्या बाजूला बसलोय. उठले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"हितनं आपल्या गावची गाडी दिसती," ते म्हणाले.

मी तिकडं बघितलं. गाडी लागली होती. ज्या खिडकीत मी बसायची ती खिडकी इथून समोर दिसत होती. तीन वर्षांत एकदाही मी वळून बघितलं नव्हतं.

गाडी सुटली. वडील उठले नाहीत.